तीन वेळा घाव सोसलेला पाय : संत इग्नेशियस लोयोला

मुंबईहून पुण्याकडे निघालेला प्रवासी बोरघाट चढून वर आला, की खंडाळ्याची थंड हवा त्याचे स्वागत करते. १८३० साली खुला झालेला घाटरस्ता, १८६३ साली सुरू झालेला लोहमार्ग आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग अशा तिन्ही वाटा याच डोंगराला बिलगून जातात. या वाटांवरची धावपळ काही दिवस बाजूला ठेवून मौन पाळावे, प्रार्थना करावी, अंतर्मुख व्हावे, या हेतूने अनेक धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक भाविक खंडाळ्यास येतात. येशूसंघीयांचे सेंट झेवियर्स व्हिला येथेच आहे. फादर अँथनी डिमेलो यांनी १९७०च्या दशकात पुण्यात सुरू केलेली साधना संस्था पुढे स्थिरावली तीही शेजारच्या लोणावळ्यात. या परिसरात होणाऱ्या तपसाधनेचा पाया ज्या आध्यात्मिक साधनेवर उभा आहे, ती साधना जगाला दिली संत इग्नेशियस लोयोला यांनी.

संत इग्नेशियस यांचा सण ३१ जुलै रोजी येतो. येशूसंघाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या जीवनाला कलाटणी देणारी घटना एखाद्या मठात वा विद्यापीठात घडली नाही. ती घडली एका मोडलेल्या पायामुळे, रुग्णशय्येवर. तो अस्थिभंग साधा नव्हता. तोफेच्या गोळ्याने मोडलेले ते हाड वैद्यांनी पुन्हा मोडले आणि अखेरीस त्याच हाडाचा पुढे आलेला भाग करवतीने कापला. त्या पायाची कहाणी समजून घेतली, तर हा संत आपल्याला अधिक जवळचा वाटेल आणि दुखणेकऱ्याच्या खाटेकडे पाहण्याची आपली दृष्टीही थोडी बदलेल.

सरदार घराण्यातील धाकटा मुलगा

स्पेनच्या उत्तरेस बास्क लोकांचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील आस्पेइतिया गावाजवळ लोयोला घराण्याचा दगडी वाडा होता. त्या वाड्यात १४९१च्या सुमारास एका बालकाचा जन्म झाला. तेरा भावंडांतील ते शेंडेफळ. त्याचे नाव इनिगो. आईचे छत्र लवकरच हरपले आणि गावातील एका लोहाराच्या पत्नीने त्याला आपले दूध पाजून वाढवले. इनिगो किशोरवयात आला, तेव्हा त्याला आरेव्हालो येथे, कॅस्टिलच्या राजाचे खजिनदार हुआन व्हेलास्केझ यांच्या पदरी ठेवण्यात आले. तेथे तो दरबारी रीतिरिवाज, तलवारबाजी आणि सुंदर हस्ताक्षर शिकला. वीरांच्या अद्भुत कथा वाचण्याचा त्याला छंद जडला. उंची वस्त्रे, नीटनेटके केस, घट्ट बसणारे उंच बूट आणि युद्धात कीर्ती मिळवण्याची आस, असे त्याचे तारुण्य होते. पुढे इग्नेशियस यांनी स्वतःच त्या दिवसांची आठवण सांगताना आपण जगाच्या डौलाला भुललेलो होतो, हे मोकळेपणाने मान्य केले.

१५१७ साली व्हेलास्केझ यांचा मृत्यू झाला. त्यानंतर इनिगो नाव्हार प्रांताचे व्हाइसरॉय असलेल्या नाहेराच्या ड्यूकच्या सेवेत रुजू झाला. हा प्रांत काही वर्षांपूर्वीच स्पेनने जिंकून घेतला होता. तो परत मिळवण्यासाठी १५२१ साली फ्रेंच सैन्य नाव्हारमध्ये शिरले. येथे एक विलक्षण योग दिसतो. नाव्हारच्या जुन्या राजाच्या बाजूने, म्हणजे इनिगोच्या विरुद्ध पक्षात, लढणाऱ्यांमध्ये झेवियर घराण्यातील दोन भाऊ होते. त्यांचा धाकटा भाऊ त्या वेळी अवघा पंधरा वर्षांचा होता. तोच पुढे गोव्यात आलेला आपला संत फ्रान्सिस झेवियर.

पाम्प्लोनाचा तोफगोळा

पाम्प्लोना शहराने शत्रूपुढे मान तुकवली होती. किल्ल्यातील मूठभर शिबंदीचा टिकाव लागणे अशक्य दिसत होते. अनेक अनुभवी सैनिकांचे मत शरणागतीकडे झुकले होते. इनिगोने मात्र किल्लेदाराचे मन वळवले आणि लढा चालू राहिला. २० मे १५२१ रोजी, पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, तोफेचा एक गोळा त्याच्या दोन्ही पायांच्या मधून गेला. उजव्या पायाचे गुडघ्याखालचे हाड चक्काचूर झाले आणि डाव्या पायाच्या मांसल भागास जखम झाली. तो कोसळताच उरलेल्या शिबंदीचा धीर सुटला आणि किल्ला शत्रूच्या हाती गेला.

गुडघ्याखाली आपल्याला दोन हाडे असतात. पुढचे जाड हाड म्हणजे नडगी. तिच्या बाहेरच्या अंगास एक बारीक हाड असते. शरीराचा भार मुख्यतः नडगी पेलते. परंतु तिच्या पुढच्या बाजूस स्नायूंचे आवरण नसते, तेथे केवळ त्वचा असते. म्हणूनच नडगीला जोराचा मार बसला, की हाड अनेकदा त्वचा फाडून बाहेर येते. याला उघडा अस्थिभंग म्हणतात. बंद अस्थिभंगापेक्षा तो कितीतरी अधिक धोक्याचा असतो. कारण जखमेवाटे माती, कपड्यांचे तुकडे आणि जंतू थेट हाडापर्यंत पोहोचतात. हाडात एकदा पू झाला, की तो महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षे, बरा होत नाही. सोळाव्या शतकात जंतूंचे ज्ञान नव्हते. अशा जखमेनंतर पाय कापणे किंवा मृत्यू, हेच बहुतेकांच्या नशिबी येई. त्यात तोफगोळ्याने दोन्ही पाय एकाच वेळी जायबंदी करावेत आणि तरीही माणसाने दोन्ही पायांसह जगावे, हे दुर्मीळच होते.

विजयी फ्रेंचांनी या जखमी शत्रूस सन्मानाने वागवले. त्यांच्या वैद्यांनी त्याचे हाड बसवले. बारा ते पंधरा दिवस त्याला पाम्प्लोनातच ठेवले आणि मग डोलीत घालून घरी धाडले. शत्रूने दाखवलेल्या त्या माणुसकीची आठवण इग्नेशियस यांनी आयुष्यभर ठेवली.

हाड पुन्हा मोडले

पाम्प्लोना ते लोयोला ही वाट डोंगरदऱ्यांची. हाडाचे तुकडे अजून सैल असताना, डोलीच्या प्रत्येक हिसक्यासरशी ते जागचे हलले असणार. घरी पोहोचल्यावर इनिगोची प्रकृती अधिकच बिघडली. गावोगावचे वैद्य आणि शल्यचिकित्सक जमले. हाड मुळातच नीट बसवले गेले नसेल किंवा प्रवासात ते सरकले असेल. कारण काहीही असो, ते पुन्हा मोडून नव्याने बसवले पाहिजे, असा त्यांनी निर्णय दिला.

हाड जुळण्याची एक ठरलेली रीत आहे. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तेथे कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो. त्यानंतरच्या आठवड्यांत त्यात कॅल्शियम साठून तो कठीण होतो. मग कित्येक महिने शरीर त्या सांध्याला घडवीत, घासूनपुसून आकार देत राहते. मऊ सांधा तयार होत असताना तुकडे जर वाकडे राहिले किंवा एकमेकांवर चढले, तर शरीर त्यांना तसेच जोडून टाकते. हाड जुळते, पण वाकडे जुळते. मग ते सरळ करण्याचा एकच मार्ग उरतो : पुन्हा मोडणे. हे ज्ञान आपल्या देशालाही फार प्राचीन काळापासून होते. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाच्या चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. झाडांच्या साली व बांबूच्या कामट्या बांधून हाड स्थिर ठेवणे, रुग्णास फळीवर निजवून खुंट्यांच्या साहाय्याने त्याची हालचाल रोखणे आणि वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून नीट बसवणे, हे सर्व त्यात सांगितले आहे.

१५२१ साली भूल देण्याची सोय नव्हती. ईथरचा यशस्वी जाहीर प्रयोग झाला तो १८४६ साली, म्हणजे तब्बल सव्वातीनशे वर्षांनी. पूर्ण शुद्धीवर असलेल्या इनिगोचे हाड वैद्यांनी पुन्हा मोडले. त्याने तोंडातून शब्द काढला नाही. मुठी घट्ट आवळल्या, एवढीच त्याच्या वेदनेची खूण.

त्यानंतर मात्र प्रकृती झपाट्याने ढासळली. अन्न पोटात ठरेना आणि मृत्यूची लक्षणे दिसू लागली. २४ जून, संत योहान बाप्तिस्ता यांच्या जन्माचा सण. त्या दिवशी त्याला पापनिवेदन करण्याचा सल्ला देण्यात आला. त्याने साक्रामेंत स्वीकारले. २८ जून रोजी, संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या पूर्वसंध्येस, वैद्यांनी आशा सोडली. मध्यरात्रीपर्यंत उतार न पडल्यास रुग्ण गेलाच, असे त्यांनी सांगितले. संत पेत्रावर इनिगोची भक्ती होती. त्याच मध्यरात्रीपासून त्याला उतार पडू लागला आणि काही दिवसांत तो धोक्याबाहेर आला.

तिसरा घाव

हळूहळू हाड जुळले. परंतु गुडघ्याखाली हाडाचा एक तुकडा दुसऱ्यावर चढून बसला होता. त्यामुळे तो पाय आखूड झाला आणि नडगीवर कुरूप उंचवटा उठला. उंच, घट्ट बूट आता त्या पायात जाणार नव्हते. दरबारात मिरवण्याची स्वप्ने पाहणाऱ्या तरुणाला हे सहन होण्यासारखे नव्हते. तो उंचवटा कापता येईल का, असे त्याने विचारले. कापता येईल, पण आतापर्यंतच्या सर्व वेदनांहून ही वेदना मोठी असेल, असे शल्यचिकित्सकांनी बजावले. हे ऐकून त्याचा थोरला भाऊ हबकून गेला. इनिगो मात्र ठाम राहिला. मांस चिरून हाडाचा पुढे आलेला भाग करवतीने कापण्यात आला. नंतर आखूड पाय लांब व्हावा म्हणून मलमे चोळली गेली आणि तो पाय अनेक दिवस साधनांनी सतत ताणून ठेवण्यात आला.

येथे वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिला घाव युद्धात बसला आणि दुसरा जीव वाचवण्यासाठी आवश्यक होता. हा तिसरा घाव मात्र केवळ रूपासाठी होता. इनिगोने या वेदना देवासाठी सोसल्या नाहीत, बुटासाठी सोसल्या. असामान्य धैर्य त्याच्याजवळ होते, पण ते धैर्य कशासाठी खर्च करावे, हे त्याला अजून उमगले नव्हते. संतचरित्रे वाचताना आपण वेदनेलाच पावित्र्य समजण्याची चूक करतो. इग्नेशियस यांचे चरित्र आपल्याला त्यापासून सावध करते. वेदना स्वतःहून कोणालाही संत बनवीत नाही.

अंथरुणावरचे दोन विचार

शरीराने इनिगो आता बरा होता, पण त्या पायावर उभे राहता येत नव्हते. म्हणून अंथरूण सुटले नाही. वेळ जावा यासाठी त्याने वीरकथांची पुस्तके मागवली. लोयोलाच्या वाड्यात तशी पुस्तके नव्हती. त्याची भावजय माग्दालेना हिच्या घरात भक्तिपर ग्रंथ तेवढे होते. जर्मन मठवासी लुडोल्फ यांनी लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या चरित्रांचा एक संग्रह, असे दोन ग्रंथ त्याच्या हाती आले.

वाचता वाचता तो पुस्तक मिटून विचारात गढून जाई. कधी एका थोर घराण्यातील स्त्रीची आपण कशी सेवा करू, कोणते पराक्रम करू, याची स्वप्ने तासन् तास पाही. कधी संत फ्रान्सिस असिसीकर आणि संत डॉमिनिक यांनी केले तसे आपणही केले तर, असा विचार येई. दोन्ही विचार त्याला त्या त्या वेळी आनंद देत. परंतु काही काळाने त्याला एक फरक जाणवला. पहिल्या स्वप्नातून जाग आल्यावर मन कोरडे आणि असमाधानी राही; दुसऱ्या विचारानंतर मात्र प्रसन्नता टिकून राही. विचार येतात तेव्हा नव्हे, तर ते निघून गेल्यावर मनात काय उरते, यावरून त्यांची पारख करावी, हे त्या रुग्णाला उमगले. पुढे हीच पारख आध्यात्मिक साधनेचा गाभा बनली. खंडाळ्याच्या शांततेत बसलेला साधक आजही स्वतःच्या मनाला विचारतो तो हाच प्रश्न होय.

हे घडण्यास वेळ लागला. १५२१च्या जूनपासून १५२२च्या आरंभापर्यंत तो खाट आणि खोली यांतच होता. हाडाने जेवढा वेळ घेतला, तेवढाच मनानेही घेतला. घाई करणाऱ्या त्या सैनिकाला कोणी उपदेश करून थांबवू शकले नसते. मोडलेल्या नडगीने त्याला थांबवले. आणि त्या काळात त्याला भरवणारी, त्याची शुश्रूषा करणारी, त्याच्या उशाशी दोन चांगले ग्रंथ ठेवणारी घरची माणसे होती, हेही विसरून चालणार नाही.

एक पाय बुटात, दुसरा अनवाणी

१५२२च्या आरंभी इनिगोने घर सोडले. मोन्सेरातच्या मठात २४ मार्चच्या रात्री पवित्र मरियेच्या वेदीपुढे जागरण करून त्यांनी आपली तलवार व खंजीर तेथेच ठेवले आणि आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली. यात्रेकरूचा जाडाभरडा झगा त्यांनी अंगावर घेतला. पादत्राण मात्र एकाच पायात घातले. उजवा पाय अजूनही बांधलेला असे आणि खेचरावरून प्रवास करूनही तो रोज रात्री सुजत असे. म्हणून त्या पायात जोडा आणि डावा पाय अनवाणी, अशा अवस्थेत हा यात्रेकरू निघाला. ज्या पायात डौलदार बूट चढावा म्हणून त्यांनी करवत सोसली होती, त्या पायाला आता साध्या यात्रेकरूचा जोडा पुरेसा झाला.

मान्रेसा येथे ते सुमारे अकरा महिने राहिले. तेथे त्यांनी कडक उपवास केले, केस व नखे वाढू दिली, रात्री जागून काढल्या. गंभीर आजारपणे आली आणि पोटाचे दुखणे कायमचे मागे लागले. १५२३ साली ते जेरुसलेमला जाऊन आले. परतल्यावर वयाच्या तिसाव्या वर्षानंतर बार्सिलोनात लहान मुलांच्या बाकावर बसून त्यांनी लॅटिन शिकण्यास आरंभ केला. आल्काला, सालामांका आणि १५२८ पासून पॅरिस असा विद्याभ्यासाचा प्रवास त्यांनी बहुतांशी पायीच केला. पॅरिसच्या सेंट बार्बरा महाविद्यालयात पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे त्यांचे खोलीसोबती झाले. पाम्प्लोनात ज्या घराण्याचे पुत्र विरुद्ध बाजूस उभे होते, त्याच घराण्याचा मुलगा आता त्यांचा जिवलग मित्र बनला. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी व्रते घेतली. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघास मान्यता दिली. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यास पोहोचले आणि त्यांनी तेथील इस्पितळातच मुक्काम करून रुग्णांची सेवा आरंभली.

इग्नेशियस मात्र रोममध्येच राहिले. किंचित लंगडत चालणारा हा माणूस शेवटची पंधरा-सोळा वर्षे संघाचा प्रमुख म्हणून काही खोल्यांतून जगभर पत्रे पाठवीत राहिला. त्यांचे परिवर्तन झाले, पण पाय पूर्ववत झाला नाही. कृपेने त्यांचे मन सरळ केले. नडगी होती तशीच राहिली.

शरीराशी समेट

मान्रेसाच्या अतिरेकातून इग्नेशियस जे शिकले, ते त्यांनी आपल्या संघाच्या घटनेत उतरवले. शरीराची योग्य काळजी घेणे, झेपेल तेवढेच उपवास करणे, आजारपणात वैद्याचे ऐकणे, यांस त्यांनी नियमाचे स्थान दिले. १५४८ साली गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जिया यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी उपवास व देहदंड कमी करण्याचा सल्ला दिला. कारण शरीर हीदेखील देवाने सोपवलेली ठेव आहे. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी पोप तिसरे पॉल यांनी आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथास मान्यता दिली.

रुग्णशय्येची आठवण त्यांनी आणखी एका नियमात जपली. येशूसंघात येणाऱ्या प्रत्येक नवदीक्षिताने एक महिना इस्पितळात राहून रुग्णांची सेवा करावी, असे त्यांनी ठरवले. १५३५ साली ते प्रकृती सुधारण्यासाठी जन्मगावी गेले, तेव्हाही भावाच्या वाड्यात न उतरता गोरगरिबांच्या इस्पितळात राहिले. १५३७ साली व्हेनिसमध्ये त्यांच्या सोबत्यांनी असाध्य रोग्यांच्या इस्पितळात सेवा केली. खाटेवर पडलेल्या माणसाला काय हवे असते, हे संस्थापकाने स्वतः अनुभवले होते.

३१ जुलै १५५६ रोजी पहाटे रोममध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या देहाचे विच्छेदन प्रसिद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोंबो यांनी केले. त्यांच्या देहात अनेक खडे आढळले. आयुष्यभर पोटाचे दुखणे म्हणून त्यांनी जे सोसले, त्याचे मूळ तेथे होते. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांना संत फ्रान्सिस झेवियर यांच्यासमवेत संतपद बहाल केले. पाम्प्लोनाच्या जखमेस पाचशे वर्षे झाली, त्यानिमित्त येशूसंघाने २० मे २०२१ ते ३१ जुलै २०२२ या काळात इग्नेशियन वर्ष पाळले. एका अस्थिभंगाचे स्मरण साऱ्या जगात व्हावे, ही घटना विरळाच.

आजच्या घाटात

इनिगोवर जे उपचार झाले, त्यातील प्रत्येक टप्पा आज बदलला आहे. १८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी गाडीच्या चाकाखाली पाय सापडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या उघड्या अस्थिभंगावर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली आणि जखम न चिघळता सहा आठवड्यांत हाड जुळले. १८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले आणि हाड नीट बसले की नाही, हे डोळ्यांनी पाहता येऊ लागले. १९४०च्या सुमारास जर्मनीच्या क्युंत्शर यांनी हाडाच्या पोकळीत धातूची सळई बसवण्याची पद्धत रूढ केली. १९५०च्या दशकात सैबेरियातील इलिझारोव्ह यांनी पायाभोवती कडी बसवून, मुद्दाम विलग केलेले हाड दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने लांबवण्याची रीत शोधली. लोयोलाच्या वाड्यात जो पाय साधनांनी ताणूनही पूर्ववत झाला नाही, त्या प्रकारचा आखूड व वाकडा पाय आज या पद्धतीने सरळ करता येतो.

तरीही नडगीचा उघडा अस्थिभंग आजही कठीणच दुखणे आहे. घाटात घसरलेली दुचाकी, पावसाळ्यात नागफणीच्या कड्याकडे जाताना निसटलेले पाऊल, अशा निमित्ताने तो कोणाच्याही वाट्यास येऊ शकतो. अशा वेळी काय करावे, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. पाय ओढून सरळ करू नये. फळी, काठी किंवा घट्ट गुंडाळलेली चादर यांचा आधार देऊन, वरचा व खालचा सांधा हलणार नाही असा तो बांधावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. डोलीच्या हिसक्यांनी इनिगोचे काय झाले, हे आठवले तर या आधाराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. रुग्णालयात जितक्या लवकर प्रतिजैविके मिळतील आणि जखम धुतली जाईल, तितका हाडात पू होण्याचा धोका कमी. पोटरी दगडासारखी ताठ झाली, वेदना औषधानेही थांबेनात, बोटे बधिर झाली, तर आत दाब वाढून स्नायू मरू लागल्याची शंका घ्यावी. तेथे काही तासांचा उशीरही पाय गमावण्यास पुरेसा असतो. अचानक धाप लागली, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर हाडातील चरबीचे कण किंवा रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळवावे.

आपल्याकडे अजूनही अनेक घरांत आधी मालीश, मग हाडवैद्याची पट्टी आणि सर्वांत शेवटी क्ष-किरण, असा क्रम असतो. त्यातून वाकडी जुळलेली हाडे घेऊन माणसे रुग्णालयात येतात आणि मग इनिगोप्रमाणेच त्यांचे हाड पुन्हा मोडावे लागते. काहींना खर्चाची धास्ती वाटते, काहींना शस्त्रक्रियेची भीती. ती भीती खोटी नाही. पण वाकडे जुळलेल्या हाडाची किंमत शेवटी त्याहून मोठी असते. तसेच नडगी जुळण्यास अनेक महिने लागतात. डॉक्टरांनी परवानगी देण्यापूर्वी पाय टेकणे, धूम्रपान चालू ठेवणे, व्यायाम टाळणे, या सर्वांमुळे हाड जुळण्यास अडथळा येतो किंवा पाय आखडतो.

रस्त्यावर कोणी जखमी दिसला, तर मदतीस थांबण्याचे भय आता बाळगू नये. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सद्हेतूने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. येशूच्या दाखल्यातील दयाळू शोमरोनी मनुष्याने वाटेवरच्या जखमीस उचलले, तेव्हा त्याला असे कोणतेही संरक्षण नव्हते.

आपल्या धर्मग्रामात, शेजारच्या आळीत, कदाचित आपल्याच घरात, पाय प्लास्टरमध्ये ठेवून छताकडे पाहत पडलेला कोणीतरी असेल. त्याला वेदनेचे गोडवे सांगू नयेत. त्याला वेळेवर औषध द्यावे, त्याची कूस बदलावी, त्याच्याशी बोलावे आणि माग्दालेनाप्रमाणे त्याच्या उशाशी एखादे चांगले पुस्तक ठेवावे. हाड जुळण्यास लागणारे महिने त्याला रिकामे वाटणार नाहीत, एवढे तर आपल्या हाती आहे. लोयोलाच्या वाड्यात घरच्या माणसांनी केले, ते याहून फार अधिक नव्हते.